अंग न झिजवणारा क्षय

पुण्यात क्षय म्हटला की आनंदीबाई जोशी आठवतात. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या याच शहरात गेल्या. खोकला, ताप, खंगत गेलेलं शरीर हे चित्र मनात इतकं पक्कं बसलंय, की मांडीवर किंवा गालावर वर्षानुवर्षं हळूहळू पसरणारा, न दुखणारा लालसर चट्टा क्षयाचा असेल हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. नावच चकवा देतं. क्षय म्हणजे झीज, आणि कातडीच्या क्षयाचा रोगी पुष्कळदा धडधाकट दिसतो.

जुन्या लोकांनी नावं दिली ती दिसण्यावरून. गळ्याभोवती गाठींची माळ, म्हणून आपल्याकडे गंडमाळ. ती गाठ फुटून वाहू लागली की वरची कातडीही रोगात सापडते. युरोपात चेहरा कुरतडणारा व्रण म्हणजे ल्युपस, लॅटिनमध्ये लांडगा. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकच्या बोटाला शवविच्छेदन करताना जखम झाली आणि तिथे क्षयाची गाठ उठली. तो स्वतः १८२६मध्ये क्षयानेच गेला. ससून रुग्णालय १८६७मध्ये सुरू झालं, तेव्हाही या साऱ्यांमागचा जंतू कुणी पाहिलेला नव्हता. तो रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. पुढे ल्युपसच्या व्रणातही तोच सापडला.

औषध मात्र नव्हतं. कोपनहेगनच्या नील्स फिन्सेनने विद्युतदिव्याचा प्रखर प्रकाश ल्युपसच्या व्रणांवर सोडला, बरेच चेहरे वाचवले आणि १९०३चं नोबेल मिळवलं. विद्रूप चेहऱ्यामुळे घरात कोंडून घेतलेल्यांसाठी ते केवढं असेल! क्षयाच्या जंतूला मारणारी औषधं नंतर आली: स्ट्रेप्टोमायसिन १९४३मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२मध्ये वापरात आलं.

खरी पंचाईत होते ती अनोळखी रूपांनी. पायावरचा खडबडीत उंचवटा चामखीळ वाटतो. अनवाणी चालताना लागलेल्या खरचटीतून जंतू आत शिरलेला असू शकतो. गोंदणातून, कान टोचण्यातूनही तो शिरल्याची उदाहरणं आहेत. कधी हातावर एकामागोमाग गाठींची रांग चढते आणि बुरशीचा संशय येतो. चट्टा कधी कुष्ठरोगाचा वाटतो, कधी गजकर्णाचा, आणि मग मेडिकलमधून आणलेली मलमं महिनोन्‌महिने चोळली जातात. ही वाया गेलेली वर्षं मला फार सलतात.

त्याहून अवघड म्हणजे १८९६मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ दारिए यांनी ज्यांना ट्युबरक्युलिड म्हटलं ते पुरळ. शरीरात दुसरीकडे दडलेल्या क्षयाला प्रतिकारशक्तीने दिलेलं ते उत्तर असतं. कातडीचा तुकडा तपासला तरी त्यात जंतू सहसा दिसत नाही. म्हणून मग मांटू चाचणी (क्षयाचा संसर्ग झालाय का हे पाहायला हातावर कातडीत टोचतात ती), छातीचा एक्स-रे, मानेच्या-काखेतल्या गाठी, घरात कुणाला टीबी होता का, हे सगळं पाहावं लागतं. निदान पक्कं झालं की औषधं फुप्फुसाच्या टीबीचीच, साधारण सहा महिने. चट्टा फिका पडू लागला तरी ती मध्येच सोडायची नाहीत.