कवटीवर चेहरा बसवताना

जून १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोजवळ, एम्बूच्या दफनभूमीत 'वोल्फगांग गेरहार्ड' या नावाची कबर उकरली गेली. आतली हाडं आउश्वित्झ या नाझी छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले याची आहेत का, एवढाच प्रश्न होता. तज्ज्ञांनी वय, उंची, कमरेच्या हाडाचं जुनं फ्रॅक्चर, वरच्या पुढच्या दातांमधली फट असं एकेक ताडून पाहिलं. पण जगाच्या मनावर ठसलं ते पडद्यावरचं चित्र: मेंगेलेचा चेहरा हळूहळू विरतो आणि त्याच जागी कवटी दिसू लागते.

हे सुपरइम्पोझिशन, म्हणजे कवटी आणि फोटो एकावर एक बसवून पाहणं, जर्मनीचे न्यायवैद्यक तज्ज्ञ रिचर्ड हेल्मर यांनी केलं. आधी फुटलेल्या कवटीचे तुकडे जोडले. मग तिच्यावर तीसहून अधिक ठिकाणी पांढऱ्या डोक्याच्या टाचण्या बसवल्या. प्रत्येक टाचणीची उंची त्या जागच्या त्वचेच्या आणि मांसाच्या सरासरी जाडीइतकी: कपाळावर जेमतेम चार-पाच मिलिमीटर, गालांवर कितीतरी जास्त. हेल्मर यांनी या जाड्या जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर अल्ट्रासाऊंडने मोजल्या होत्या. मग एक कॅमेरा कवटीवर, दुसरा जुन्या फोटोवर ठेवून दोन्ही चित्रं एकात मिसळायची. टाचण्यांची डोकी चेहऱ्याच्या कडेला नेमकी टेकली पाहिजेत.

चुकायला इथे भरपूर वाव असतो. फोटो दोन मीटरांवरून काढलेला आणि कवटी अर्ध्या मीटरवरून टिपलेली असेल, तर नाक-कपाळ फुगतं आणि जबड्याचे कोन मागे दबतात. खालचा जबडा हाडाला हाड टेकवून बसवला तर हनुवटी वर सरकते. सांध्यातली कूर्चेची गादी कुजून गेलेली असते, तिची जागा मोकळी सोडावी लागते. सगळ्यात धोकादायक म्हणजे जुळेपर्यंत चित्र लहानमोठं करत राहणं. माप फोटोतल्याच एखाद्या वस्तूवरून आधी ठरवायला हवं. ब्रिटनमधल्या १९३५ च्या रक्स्टन खून प्रकरणात तज्ज्ञांनी ते मृत स्त्रीच्या फोटोतल्या शिरोभूषणावरून घेतलं होतं.

एवढं करूनही या पद्धतीची खरी ताकद नकारात आहे. डोळ्यांच्या खोबणी जुळल्या नाहीत तर ही कवटी त्या माणसाची नाही, हे ठामपणे सांगता येतं. जुळल्या, तर तशाच ठेवणीची आणखीही माणसं असू शकतात. पडद्यावरचं चित्र हा फरक सांगत नाही, म्हणून तो तज्ज्ञानेच तोंडाने सांगायला हवा. मेंगेलेच्या बाबतीत शंका फिटली ती १९९२ मध्ये, हाडातला डीएनए त्याच्या मुलाच्या आणि पत्नीच्या रक्ताशी ताडून पाहिल्यावर.