दारात आलेली बँक: बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

"पिग्मी भरली का?" हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात दिवस मावळताना हमखास कानावर पडतो. रोज दारात येऊन दहा-वीस-पन्नास रुपये नेणारा पिग्मीवाला हीच इथल्या कितीतरी हातावर पोट असलेल्या घरांची पहिली बँक. ही पद्धत किनारपट्टीची. 1925 साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै, उपेंद्र पै आणि वामन कुडवा यांनी एक लहानशी बँक काढली. हातमागाचा धंदा बसल्याने हवालदिल झालेल्या विणकरांना भांडवल मिळावं, हा त्यामागचा हेतू. पुढे तीच सिंडिकेट बँक झाली. 1928 मध्ये तिने घरोघर माणूस पाठवून रोज दोन आण्यांपासून ठेव गोळा करायला सुरुवात केली.

विणकरांसाठी निघालेली ही सोय बेळगावातल्या आमच्या वडगावच्या विणकरांपर्यंतही पोचली. पिग्मीवाले काका संध्याकाळी यायचे, "वहिनी, आज किती?" एवढंच विचारायचे. आई कांड्या भरता भरता उठायची, डब्यातले पैसे मोजून द्यायची आणि काका छोट्या पुस्तकात आकडा लिहून सही करायचे. थोरल्या बहिणीच्या दहावीनंतरच्या प्रवेशाची फी त्याच पैशातून गेली. 1990 पासून निघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालांत आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान एकत्र मोजतात. त्यातलं शिक्षण म्हटलं की मला ते पुस्तक आठवतं.

त्याआधी काय होतं? सावकार होता. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. 1904 च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांना वाट करून दिली आणि 1905 मध्ये शेजारच्या धारवाड जिल्ह्यात, गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटलांनी शेतकऱ्यांची सोसायटी उभी केली. सहकाराचं बी आमच्या इतक्या जवळ पडलं, तरी पीक यायला फार वर्षं लागली. रिझर्व्ह बँकेच्या 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत देशभरातल्या शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला. सावकारांचा वाटा दोन तृतीयांशांहून जास्त होता.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याकडे राहिला. सीमाप्रश्न म्हटलं की आपण भाषेचं बोलतो, पण त्या दिवसाने पैशाच्या वाटाही बदलल्या. सोयरीक पलीकडे, बाजार अलीकडे. गावच्या सोसायट्यांना आधी मुंबईचा सहकार कायदा लागू होता, पुढे म्हैसूरचा 1959 चा कायदा लागू झाला. सोसायटीचं नावही हळूहळू कन्नडमधलं 'कृषी पत्तीन', म्हणजे शेतीची पतसंस्था, असं झालं. आज आमच्याकडचा मराठी शेतकरी हाच शब्द सहज वापरतो.

सरकारी बँका 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर खेड्यांकडे वळल्या. 1976 मध्ये सिंडिकेट बँकेच्या पुढाकाराने बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांसाठी मलप्रभा ग्रामीण बँक निघाली. 1977 मध्ये रिझर्व्ह बँकेने दंडक घातला की, बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा काढायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढली पाहिजे. 1990 पर्यंत तो पाळला गेला. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी या काळाचा अभ्यास केला, तेव्हा खेड्यातल्या शाखा वाढण्याचा आणि ग्रामीण दारिद्र्य घटण्याचा थेट संबंध दिसला. शाखा म्हणजे नुसती इमारत नव्हे, हे त्यातून पटतं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, बँकेच्या एका कामासाठी अख्खी मजुरी बुडते. तिथे शाखा जवळ असणं म्हणजे एका दिवसाचा पगार वाचणं.

बायकांसाठी खरा फरक पडला तो महिला संघांनी. महाराष्ट्रात ज्याला बचत गट म्हणतात, त्याला आमच्याकडे संघ म्हणतात. शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने 1992 मध्ये गट आणि बँका जोडायला सुरुवात केली, 2000-01 मध्ये कर्नाटकाची महिला गटांसाठीची स्त्री शक्ती योजना आली. 2014 मध्ये जनधन खाती उघडली आणि 2023 पासून राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये थेट घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर येऊ लागले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने पैसे काढायला रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी विसरणार नाही. त्याच काळात मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, हप्त्यांसाठी दारात तगादेही लागले. ते इतके वाढले की फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. दारात येणारा प्रत्येक जण पिग्मीवाल्या काकांसारखा नसतो.

खातं आता बहुतेकांकडे आहे. अडतं ते कागदावर. 2000 च्या सुमारास कर्नाटक सरकारच्या 'भूमी' प्रकल्पात सातबाराचे उतारे संगणकावर आले, तेही कन्नडमध्ये. सहकारी संस्थांकडून मिळणाऱ्या बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा 2023 मध्ये 3 लाखांवरून 5 लाखांवर गेली, पण त्यासाठी उताऱ्यावरचं नाव आधारशी जुळायला हवं. मराठी माणूस ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत डी-एन-वाय असं सुरू करतो, कन्नड वळणाने लिहिणारा जे-एन असं. माझ्या मामांचं नाव तेच. उतारा, आधार आणि पासबुक यांवर तीन स्पेलिंगं झाली होती. एकाच माणसाची ही तीन नावं आहेत, असं प्रतिज्ञापत्र करा, असं त्यांना सांगण्यात आलं. अर्ज कन्नडमध्ये होता, तो वाचून दाखवायला शेजारच्या पोराला न्यावं लागलं. चार हेलपाटे झाले. रोप लावायच्या आधी हवं असलेलं कर्ज भात पोटरीत आल्यावर मिळालं, आणि तोवर मामांनी खतासाठी सावकाराचे पैसे उचललेले होते.