कोणाला काय दिसेल, कोणाला काय करता येईल
पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरमधील भूमिका आणि अधिकार : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सॉफ्टवेअर बसवायला आम्ही पतसंस्थेत येतो तेव्हा एक सूचना हमखास मिळते : "सगळ्यांना सगळं चालू ठेवा, काउंटरवर काम अडायला नको." यामागची अडचण खरी आहे. तरीही आम्ही तसं करून देत नाही. का, ते या पत्रकात सांगतो.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अधिकार माणसाच्या नावावर थेट दिले जात नाहीत, ते भूमिकेला असतात : लिपिक, रोखपाल, शाखाधिकारी, पिग्मी एजंट, लेखापरीक्षक. कर्मचाऱ्याला भूमिका नेमून दिली की तिचे अधिकार त्याला मिळतात, भूमिका काढली की तेही जातात. डेव्हिड फेरायलो आणि रिचर्ड कून या अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये ही पद्धत रीतसर मांडली. पतसंस्थेतल्या जुन्या मंडळींना ती नवी वाटणार नाही. व्हाउचर लिहिणारा एक आणि त्यावर सही करणारा दुसरा, हा शिरस्ता कागदी खतावण्यांपासूनचाच आहे.

एक साधा व्यवहार पाहा. खातेदाराने बचत खात्यातून ५०,००० रुपये काढायची स्लिप दिली. लिपिक ती नोंदवतो, पण त्याच्या स्क्रीनवर 'पास करा' हे बटण येतच नाही. नोंद शाखाधिकाऱ्यांकडे जाते. ते शिल्लक आणि सहीचा नमुना बघून पास करतात. मगच ती रोखपालाला दिसते आणि पैसे दिले जातात. रोखपालाला रक्कम बदलता येत नाही. शाखाधिकाऱ्यांनी स्वतः नोंद केली असेल, तर ती त्यांनाही पास करता येत नाही. दोन-तीन माणसांच्या शाखेत याचा त्रास होतो, म्हणून अशा नोंदी मुख्य कार्यालयातून पास करायची सोय ठेवली आहे. स्वतःची नोंद स्वतः पास करायची नाही, ही अट मात्र आम्ही कुणासाठीच काढत नाही.

भूमिकेबरोबर व्याप्तीही ठरवावी लागते. पिग्मी एजंटला फक्त त्याच्याकडची खाती दिसतात, दुसऱ्या एजंटची नाहीत. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ नुसार लेखापरीक्षणाला येणाऱ्यांना सगळं वाचता येतं, बदलता काहीच येत नाही.

गडबड होते ती बदली आणि रजेच्या वेळी. काउंटरवरचा लिपिक कर्ज विभागात गेला, नवी भूमिका मिळाली, जुनी काढायची राहून गेली. पुढे कधी तरी शाखाधिकाऱ्यांचा कार्यभार आला, तीही भूमिका तशीच राहिली. त्याच्या मनात काही नसेलही, पण दुसऱ्यांच्या नोंदी पास करण्याचा अधिकार विनाकारण त्याच्याकडे पडून असतो. म्हणून बदलीचा आदेश निघाला की त्याच दिवशी जुनी भूमिका काढा, आणि तीन महिन्यांतून एकदा 'कोणाकडे काय' हा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवा.

रजेवर जाताना साहेब पासवर्ड सांगून जातात, हे तर सर्रास चालतं. कृपया असं करू नका. त्या दिवशीच्या प्रत्येक नोंदीवर त्यांचंच नाव चढतं, आणि उद्या चौकशी झाली तर उत्तरही त्यांनाच द्यावं लागतं. त्याऐवजी 'प्रभारी' ही भूमिका तारखेसह द्या. ठरलेल्या दिवशी डे-एंडला, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करताना, ती आपोआप संपते.

भूमिका देण्याचा अधिकार संस्थेने ठरवलेल्या एका प्रशासकाकडे असतो. त्याला स्वतःला व्यवहार करता येत नाहीत.

आमच्या तंत्रज्ञालाही हेच नियम लागू आहेत. दुरुस्तीसाठी आमचा माणूस आत येणार असेल, तर तुमच्या प्रशासकाने त्याला त्या कामापुरती भूमिका द्यायची आणि काम झालं की काढून घ्यायची. कुणी आमच्या नावाने फोनवर पासवर्ड मागितला, तर देऊ नका. आम्ही तो कधीच मागत नाही.