अल्बर्टसच्या टोकांचं गणित

अक्षराच्या टोकाकडची रुंदी म्हणजे निव्वळ नक्षी, ती छाटली की अक्षर वाचायला सोपं होतं, असा समज सर्रास आढळतो. तो खोडायला अल्बर्टस या टाइपइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

बर्थोल्ड वोल्पे हे जर्मनीतल्या ऑफनबाखचे. ब्राँझच्या पाट्यांवर ते अक्षरं घडवत. ते काम पाहून मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी १९३२ साली तेच वळण छपाईच्या टाइपात उतरवायला त्यांना सांगितलं. वोल्पे ज्यू होते. नाझी राजवटीमुळे १९३५ साली ते इंग्लंडला आले.

दगडात अक्षर कोरताना छिन्नी अक्षराच्या आत चालते. वोल्पेंच्या ब्राँझमध्ये उलटं होतं: अक्षर राखायचं आणि भोवतालचा धातू काढायचा. केसासारखा बारीक सेरिफ, म्हणजे दांड्याच्या टोकाला जोडलेली छोटी आडवी रेघ, असा उठावात राखणं जिकिरीचं. त्यापेक्षा दांडाच टोकाकडे हलकेच रुंदावत न्यायचा आणि धारदार कडेवर संपवायचा. अल्बर्टसचं रूप हे असं आलं.

आता या रुंदीचा डोळ्याला होणारा फायदा. लांबून पाहताना प्रत्येक बिंदू डोळ्यात थोडा पसरतो. म्हणजे कुठल्याही जागी जाणवणारी छटा ही तिच्या भोवतालच्या छोट्या वर्तुळाची सरासरी असते. दांड्याच्या सरळ कडेवर असं वर्तुळ काढा, दांड्याच्या रुंदीपेक्षा लहान. त्यातला अर्धा भाग काळा, अर्धा पांढरा: ५० टक्के. तेच वर्तुळ काटकोनी कोपऱ्यावर ठेवा. काळा भाग उरतो पाव, २५ टक्के. निम्म्याहून अधिक काळं ते अक्षर, बाकी कागद, असा हिशेब धरला तर कोपरा कागदात जमा होतो. दोन्ही कोपरे झिजले की चौकोनी टोक गोल आणि आखूड दिसतं. टोक रुंदावलं तर कोपरा आणखी निमुळता होतो, तिथला काळा भाग पावाहूनही कमी भरतो. पण तो कोपराच आता बाहेर सरकलेला असतो. झिजतो तो जादा भाग, आणि दिसतं ते नीट चौकोनी टोक.

मायक्रोचिपवर प्रकाशाने रेषा उमटवणारे इंजिनिअर हीच युक्ती करतात. विवर्तनामुळे, म्हणजे कडेपाशी प्रकाश वळून पसरल्यामुळे, कोपरे गोल होतात, म्हणून मास्कवरच्या (ज्यातून प्रकाश सोडतात त्या साच्यावरच्या) आकृतीच्या कोपऱ्यांना ते छोटे जादा चौकोन जोडतात. त्या चौकोनांनाही सेरिफच म्हणतात!

लंडनच्या सिटी भागातल्या रस्त्यांच्या पाट्या अल्बर्टसमध्ये आहेत. फेबर अँड फेबरच्या पुस्तकांसाठी वोल्पेंनी केलेल्या अनेक वेष्टनांवरही तो दिसतो. पाटी, शीर्षक, मुखपृष्ठ ही त्याची जागा. सलग मजकुरात त्याचा भारदस्तपणा अंगावर येतो. जुन्या पडद्यांवर तर दोन पिक्सेलच्या दांड्यात अर्ध्या पिक्सेलची रुंदी दाखवणार कुठे?

फॉन्टबद्दल भलते दावेही फार. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातून २०१८ साली आलेल्या सान्स फॉर्गेटिकामुळे वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं सांगितलं गेलं. नंतरच्या प्रयोगांत तसा फायदा दिसला नाही. आणि पाटीवरची अक्षरं चढती काढली की धंदा चढतो, असं सांगून पैसे घेणं ही तर शुद्ध फसवणूक आहे.

कोपरे झिजण्याचं गणित देवनागरीलाही लागू आहे. कान्याचं खालचं टोकही लांबून असंच गोल होतं. महामार्गावरच्या पाट्यांसाठी अक्षरं घडवणाऱ्यांनी त्या टोकाला किंचित रुंदी देऊन ती शंभर मीटरवरून वाचून पाहावीत, असं मला मनापासून वाटतं.