नवऱ्याचे नाव नसले तर प्रसूती रजा मिळत नाही का?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक समज अनेक वर्षे फिरतो आहे: विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित कामगार स्त्रीला पगारी प्रसूती रजा मिळत नाही, कारण अर्जावर पतीचे नाव लागते.

हा समज होण्यामागे कारण आहे. छापील कन्नड अर्जात बहुधा ‘गंडन हेसरू’ (पतीचे नाव) असा रकाना असतो, आणि तो रिकामा पाहून टेबलापलीकडचा माणूस कागद परत सरकवतो. पण रकाना म्हणजे कायदा नव्हे. 1961 चा मातृत्व लाभ कायदा आणि पुढे 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता, दोन्हींमध्ये हक्क ‘प्रत्येक स्त्री’चा आहे, विवाहाची अट त्यांत नाही. अट आहे ती कामाची: अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असावे. कंत्राटदारामार्फत लागलेली स्त्रीही यात येते. रजा 26 आठवड्यांची असते, आधीच दोन अपत्ये हयात असल्यास 12 आठवड्यांची.

पडताळणीसाठी पगारपत्रके किंवा हजेरीपट काढून दिवस मोजावेत. मग लेखी सूचना द्यावी; तिच्यात रक्कम स्वतःला की नेमलेल्या व्यक्तीला द्यावी, रजा कोणत्या तारखेपासून हवी आणि त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही, हे सांगायचे असते; नेमलेली व्यक्ती आई किंवा बहीणही चालते. सोबत गरोदरपणाचा वैद्यकीय दाखला जोडावा. सूचनेची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्यावी, तोंडी नकाराला पुढे काहीच आधार उरत नाही.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि तिथे आईला दिवसातून चार भेटी, हेही याच कायद्यात आहे.