गेमिंग मॉनिटरसाठी पॅनेलची निवड

गेमिंग मॉनिटरचे पॅनेल म्हणजे पडद्याच्या काचेमागचा तो थर, जिथे प्रत्येक पिक्सेलमधून किती उजेड बाहेर पडायचा हे ठरते. आज विकले जाणारे मॉनिटर मुख्यतः टीएन, आयपीएस, व्हीए आणि ओलेड या चार जातींचे असतात. पहिल्या तिन्ही जाती एलसीडीच्या. त्यांत मागे पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढची द्रवस्फटिकांची झडप तो उजेड अडवते किंवा त्याला वाट देते. ओलेडमध्ये मागचा दिवाच नसतो. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. खोक्यावर हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो) आणि मिलिसेकंद (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) यांचे आकडे ठळक छापलेले असतात, पॅनेलची जात कुठेतरी बारीक अक्षरांत. मॉनिटर घरी आल्यावर डोळ्यांना रोज जे जाणवते, ते मात्र बरेचसे या जातीवरच अवलंबून असते. पांढरा रंग सगळ्यांनाच जमतो. पॅनेल काळा रंग कसा करते हे पाहिले की त्याचा स्वभाव कळतो.

पूर्वपीठिका

१८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्सर हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरिल बेंझोएट नावाचा पदार्थ तापवत होते. तो १४५.५° से.ला वितळला खरा, पण गढूळच राहिला, आणि १७८.५° से.ला पुन्हा बदलून स्वच्छ झाला. मधल्या अवस्थेत तो द्रवासारखा वाहत होता आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागत होता, म्हणजेच तो द्रवस्फटिक होता. हे वागणे कामाच्या पडद्यात उतरायला ऐंशीएक वर्षे गेली. मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी बाझेलच्या होफमान-ला रोश कंपनीत रेणूंना पीळ देण्याची रचना बसवली आणि डिसेंबर १९७० मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, हीच टीएन. आयपीएस पडदे हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणले, व्हीएवर त्याच दशकात फुजित्सूने काम केले. ओलेडची सुरुवात ईस्टमन कोडॅकमधील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्या १९८७ च्या शोधनिबंधातून झाली.

या कथेत आपल्याकडचाही एक धागा आहे, आणि तो सांगायलाच हवा. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सहकाऱ्यांसह तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर काडीसारख्या लांबट रेणूंचेच द्रवस्फटिक ठाऊक होते. पुढे अशाच तबकडी रेणूंची पातळ फिल्म टीएन पडद्यांवर चढवली गेली आणि बाजूने पाहिल्यावर चित्र बिघडण्याचा त्यांचा दोष त्यामुळे बराच कमी झाला.

टीएन

यात दोन काचांमधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे ९० अंशांत वळलेले असतात. वीज दिली नाही तर प्रकाशही त्यांच्यासोबत वळून बाहेर पडतो. वीज दिली की रेणू उभे राहतात, वाट बंद होते आणि काळा रंग दिसतो. पण काचेला चिकटलेले रेणू पुरते उभे राहत नाहीत, त्यामुळे हा काळा समोरून ठीक दिसला तरी खालून पाहिल्यावर रंग उलटे होतात. रंगही फिके. तरीही एका काळात गेमिंग म्हणजे टीएन असेच समीकरण होते. २००९ च्या सुमारास १२० हर्ट्झचे पहिले एलसीडी मॉनिटर आले ते टीएनवर, आणि पुढे १४४ हर्ट्झही आधी टीएनवरच रुळले. आज त्याची जागा काउंटर-स्ट्राइकसारखे खेळ स्पर्धेच्या पातळीवर खेळणाऱ्यांच्या टेबलावर उरली आहे. ५४० हर्ट्झचे पहिले पॅनेलही टीएनमध्येच निघाले. घरात एकच मॉनिटर असेल आणि त्यावर सिनेमाही पाहायचा असेल, तर टीएन घेऊ नये.

आयपीएस

आयपीएसमध्ये रेणू उभे राहतच नाहीत. काचेला समांतर आडवे पडून ते त्याच पातळीत वळतात. त्यामुळे कडेला बसलेल्या माणसालाही तेच रंग दिसतात. १७८ अंशांचा पाहण्याचा कोन छापलेला असतो तो यामुळेच. पूर्वी हे पॅनेल मंद म्हणून गेमर त्याच्या वाटेला जात नसत. २०१५ मध्ये एसरने १४४ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर आणला, २०१९ मध्ये एलजीने आयपीएसवर १ मिलिसेकंदाचा दावा केला, आणि टीएनचा मोठा आधार गेला.

उणीव आहे ती काळ्या रंगातच. या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट बहुधा १०००:१ च्या आसपास असतो, म्हणजे पांढरा जितका उजळ त्याचा हजारावा भाग उजेड काळ्यातूनही झिरपत राहतो. दिवसा हे ध्यानात येत नाही. रात्री दिवे मालवून भुयारात उतरण्याचा एखादा प्रसंग खेळावा, मग पडद्याच्या चारही कोपऱ्यांत राखेसारखा धूसर उजेड साचलेला दिसतो. डोके जरा डावीकडे नेले की उजवा कोपरा आणखी उजळतो. याला आयपीएस ग्लो म्हणतात आणि तो या रचनेचाच गुण आहे. मॉनिटर बदलून आणला तरी नव्यातही तो असणारच. कडेच्या चौकटीने पॅनेल दाबले गेल्याने होणारी उजेडाची गळती वेगळी. ती डोके हलवले तरी जागची हलत नाही, आणि जास्त असेल तर मॉनिटर बदलून मागणे रास्त आहे.

व्हीए

व्हीएतले रेणू विजेशिवाय काचेवर काटकोनात उभे असतात. अशा रेणूंमधून जाताना प्रकाशाला काहीच होत नाही, आणि पुढची ध्रुवक फिल्म (ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश जाऊ देणारा थर) त्याला जवळजवळ पुरता अडवते. म्हणून काळा रंग इथे खरोखर काळा दिसतो. ३०००:१ हा कॉन्ट्रास्ट व्हीएसाठी नेहमीचा आहे आणि काही पॅनेल त्याहून वर जातात. पैशांच्या मानाने रात्रीच्या खोलीत इतके गडद चित्र दुसरे कोणतेही साधे एलसीडी देत नाही.

याची किंमत वेगात मोजावी लागते. काळ्यावरून किंचित राखाडीवर जायचे तर रेणूंना अगदी थोडी वीज मिळते, आणि तेवढ्या ढकलीने ते रेंगाळत कलतात. खेळात हे असे दिसते: अंधाऱ्या गल्लीत उभे राहून माउस झटकन फिरवला, की काळ्या खांबामागे ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखा काळपट फराटा ओढला जातो. उजेडातल्या प्रसंगात तो दिसत नाही. उत्पादक यावर ओव्हरड्राइव्ह देतात, म्हणजे रेणूंना गरजेपेक्षा जोराचा धक्का. तो धक्का जास्त झाला तर हलत्या वस्तूंना उजळ कडा फुटतात. मेनूमधली मधली पायरी बहुधा सर्वांत बरी. शेवटची पायरी खोक्यावरच्या आकड्यासाठीच असते असे म्हणायला हरकत नाही. सगळे व्हीए सारखे नाहीत हेही खरे. सॅमसंगने २०२० मध्ये आणलेल्या १००० आर वक्रतेच्या, म्हणजे एक मीटर त्रिज्येच्या, वक्र मॉनिटरांत हा फराटा पुष्कळच आटोक्यात आणला होता. स्वस्त व्हीएकडून ती अपेक्षा ठेवू नये.

ओलेड

काळा हवा तिथे पिक्सेल बंद, एवढाच इथला हिशोब. कॉन्ट्रास्टचा आकडा छापण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण भागाकारात खाली जवळपास शून्य येते. ताऱ्यांनी भरलेले आकाश ओलेडवर पहिल्यांदा पाहणारा माणूस क्षणभर गप्प होतो, हा अनुभव अनेकांचा आहे. रंग बदलण्याचा वेळ ०.०३ मिलिसेकंद सांगितला जातो. मॉनिटरांत हे तंत्र २०२२ नंतर फोफावले: त्या वर्षी सॅमसंग डिस्प्लेच्या क्यूडी-ओलेड पॅनेलवर डेलच्या एलियनवेअरचा ३४ इंची मॉनिटर आला, तर २०२३ मध्ये एलजीच्या डब्ल्यूओलेडवर २७ इंची, २४० हर्ट्झचा. क्यूडी-ओलेडमध्ये निळा प्रकाश मुळातला असतो आणि तांबडा व हिरवा रंग क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण त्यापासून तयार करतात. डब्ल्यूओलेडमध्ये पांढऱ्या प्रकाशापुढे रंगांच्या गाळण्या असतात आणि एक उपपिक्सेल (पिक्सेलचा एकेका रंगाचा भाग) पांढराच ठेवलेला असतो. दोन्हींत उपपिक्सेलांची मांडणी नेहमीसारखी नसल्याने बारीक अक्षरांना रंगीत कड येते. दिवसभर कोड किंवा एक्सेल पाहणाऱ्याने हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यावे. देवनागरीत तर उभ्या काने-वेलांट्यांच्या कडेला ते चटकन दिसते.

क्यूडी-ओलेडची आणखी एक बाजू आपल्याकडच्या खोल्यांसाठी महत्त्वाची आहे. ध्रुवक फिल्म नसल्याने खिडकीचा उजेड थेट पॅनेलवर पडून परततो, आणि काळा रंग जांभळट राखाडी दिसू लागतो. पूर्वेची खिडकी पाठीमागे आणि सकाळी खेळण्याची सवय असेल, तर ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तोच हाती लागत नाही.

बर्न-इनची भीती खोटी नाही. ओलेडमधला उजेड देणारा सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो आणि जो पिक्सेल जास्त जळला तो आधी मंदावतो. म्हणून विंडोजची टास्कबार, खेळातला नकाशा, कोपऱ्यातली आरोग्यपट्टी अशा जागच्या जागी राहणाऱ्या गोष्टींचा डाग उरू शकतो. मॉनिटर स्टँडबायमध्ये गेल्यावर हे पॅनेल स्वतःची झीज मोजून भरपाई करते आणि त्याला काही मिनिटे वीज लागते. आपल्याकडे काम झाले की भिंतीवरचे बटण बंद करण्याची चांगली सवय असते. ओलेडच्या बाबतीत ती सवय मोडावी लागते. निदान ती काही मिनिटे जाऊ द्यावीत. वॉरंटीच्या कागदावर बर्न-इनचा स्पष्ट उल्लेख आहे का, हेही पैसे देण्याआधी वाचावे.

मिनी-एलईडी ही पाचवी जात नव्हे. आयपीएस किंवा व्हीए पॅनेलमागे शेकडो दिव्यांचे वेगवेगळे विभाग करून गरजेप्रमाणे मंद करण्याची ती पद्धत आहे. ओलेडपेक्षा जास्त झगझगाट मिळतो आणि बर्न-इनची चिंता नसते, पण काळ्यावरच्या पांढऱ्या चिन्हाभोवती उजेडाचे वलय पडते.

आकडे आणि नावे

१४४ हर्ट्झवर एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक चित्र, ६.९४ मिलिसेकंद टिकते, २४० हर्ट्झवर ४.१७. पिक्सेलला रंग बदलायला १० मिलिसेकंद लागत असतील, तर २४० हर्ट्झवर दोन फ्रेम उलटून गेल्यावर तो जागेवर येतो. म्हणजे तो वेग कागदावरच राहिला. याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असेल आणि डोळा तिच्या मागे फिरत असेल, तर ६० हर्ट्झवर तिची कड १६ पिक्सेल पुसट होते, पॅनेल कितीही चपळ असले तरी. २४० हर्ट्झवर तीच ४ पिक्सेल. त्यामुळे ग्राफिक्स कार्ड सत्तर-ऐंशी फ्रेमच देऊ शकत असेल, तर ओलेडच्या चपळाईचा थोडाच भाग वापरात येतो. फ्रेमच्या चढउतारानुसार रिफ्रेश रेट (म्हणजे हर्ट्झचा आकडा) बदलता ठेवला तर व्हीए आणि ओलेडवर गडद भाग लुकलुकू शकतात, हेही ध्यानात असावे.

‘१ मि.से.’ हा दावा बहुधा सर्वांत अनुकूल बदलावर आणि ओव्हरड्राइव्ह कमाल ठेवून मोजलेला असतो. नावांचाही घोळ आहे. एएचव्हीए या नावात व्हीए असले तरी ते एयू ऑप्ट्रॉनिक्सचे आयपीएस जातीचे पॅनेल आहे. सॅमसंगचे पीएलएसही त्याच जातीचे. एएमव्हीए मात्र खरे व्हीए. डिस्प्लेएचडीआर ४०० या, उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याची ग्वाही देणाऱ्या शिक्क्यासाठी मागचा दिवा विभागांत मंद होण्याची अट नाही, म्हणून केवळ तो पाहून जादा पैसे देऊ नयेत.

खरेदीच्या वेळी

खोलीचा उजेड आधी पाहावा, खेळ नंतर, आकडे शेवटी. दिवसा उजेडात खेळणारा, त्याच मॉनिटरवर अभ्यास किंवा ऑफिसचे काम करणारा माणूस २७ इंची १४४० पी (२५६० × १४४० पिक्सेल) आयपीएसवर सहसा पस्तावत नाही. त्या मापात इंचाला सुमारे १०९ पिक्सेल बसतात आणि अक्षरे स्वच्छ दिसतात. रात्री एकट्याने कथानक असलेले खेळ खेळणाऱ्याने हात आखडता असेल तर चांगले व्हीए, नसेल तर ओलेड घ्यावे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र कुठल्याही दुकानात लख्ख दिव्यांखाली रंगीबेरंगी फुलांचा व्हिडिओ चालू असतो, आणि त्यात चारही जाती सारख्याच देखण्या दिसतात. आपल्या फोनमधून किंवा पेनड्राइव्हवरून पूर्ण काळे चित्र, गडद राखाडी चित्र आणि अंधाऱ्या प्रसंगाची एक क्लिप न्यावी. ती पूर्ण पडदाभर लावून खुर्चीवरून उठून उभे राहावे, मग बाजूला सरकावे. घरी आल्यावरही पहिल्याच रात्री दिवे मालवून हीच चित्रे पुन्हा पाहावीत, पाठोपाठ लाल, हिरवे, निळे आणि पांढरे चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधावेत. मॉनिटर बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, म्हणून तोवर खोके आणि आतला थर्मोकोल फेकू नये.