पुट्टीखालचा गंज

बेळगावात जुनी गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पासिंग कुठलं? केए-22 म्हणजे इथलीच, केए-23 चिकोडीची, एमएच-09 कोल्हापूरची, आणि जीए असेल तर गोव्याची. हे विचारलं जातं ते कागदपत्रांसाठी. परराज्यातली एनओसी, कर्नाटकात भरायचा टॅक्स, बारा महिन्यांच्या वर गाडी इथं ठेवली की नवा नंबर घ्यायची कटकट. माझ्या मते हा प्रश्न आधी पत्र्यासाठी विचारावा. गाडीनं पहिली दहा वर्षं कुठल्या हवेत काढली, यावर तिचा पत्रा पुढं किती साथ देणार ते बरंचसं ठरतं.

आपल्या एकाच जिल्ह्यात केवढा फरक आहे बघा. अथणीकडं पावसाची वाट बघण्यात दिवस जातात, तर खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळाभर धो धो. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणजे खारा वारा. अथणीत राहिलेल्या गाडीचा रंग उन्हानं उडालेला असेल, डॅशबोर्डला तडे गेले असतील, पण खालचा पत्रा बहुधा टणटणीत. वास्कोला समुद्रालगत उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि दाराच्या खालच्या कडेला नख लावलं की पापुद्रा हातात येतो.

गंज चढतो म्हणजे नक्की काय होतं? लोखंड निसर्गात शुद्ध रूपात जवळजवळ सापडतच नाही. ते ऑक्सिजनशी बांधलेलं असतं. खानापूरच्या जांभ्या दगडाचा तांबडा रंग लोखंडाच्या याच ऑक्साइडांचा. भट्टीत भरपूर ऊर्जा खर्चून आपण ऑक्सिजन वेगळा काढतो आणि पोलाद करतो. पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की ते पुन्हा ऑक्साइडकडं निघतं. दोन्ही हवीत, एकानं भागत नाही. हवा पूर्ण काढून टाकलेल्या साध्या पाण्यात खिळा गंजत नाही, आणि अगदी कोरड्या हवेतही नाही.

ही क्रिया विजेची आहे, आणि गंजाची जागा ओळखायची असेल तर हे समजून घेणं फार कामाला येतं. पत्र्याच्या एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तिथं पाण्यातला ऑक्सिजन ते उचलतो. एका जागी पत्रा झिजतो, दुसऱ्या जागी ऑक्सिजन वापरला जातो आणि मधलं पाणी हे सर्किट पूर्ण करतं. केंब्रिजमधले रसायनशास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात हे एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात फिनॉल्फ्थॅलिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं किंचित मिसळायची. थोड्या वेळात थेंबाची कडा गुलाबी होते आणि मधोमध निळा डाग उमटतो. कडेला थेंब पातळ असतो, तिथं हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी अल्कधर्मी होऊन गुलाबी दिसतं. मध्यभागी ऑक्सिजन कमी, म्हणून लोखंड विरघळतं ते तिथं, निळा रंग त्या विरघळलेल्या लोखंडाचा. म्हणजे हवा जिथं कमी पोचते तिथलाच पत्रा खाल्ला जातो. आपल्या अंदाजाच्या अगदी उलट.

आता गाडीकडं बघा. टपावर पाऊस सगळ्यात जास्त पडतो, पण टप सहसा सगळ्यात शेवटी गंजतो. तिथं पाणी थांबत नाही. चाकावरच्या कमानीत, आतल्या कडेला मात्र चिखलाचा थर बसलेला असतो. निपाणी-चिकोडीकडची काळी माती चिकट आणि पाणी धरून ठेवणारी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या ती शेतातून डांबरी रस्त्यावर आणून टाकतात आणि तिथून ती आपल्या मडगार्डात जाते. थर ओला, आत हवा कमी, बाहेर हवा भरपूर: इव्हान्सचा थेंब तयार. खानापूरच्या बाजूची तांबडी माती आणखी एक घोटाळा करते. तिचा आणि गंजाचा रंग इतका जवळचा की खाली वाकून बघणाऱ्यालाही धूळ कुठली नि गंज कुठला ते कळत नाही. म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला म्हणावं, खालून धुऊन ठेवा. तो का-कू करायला लागला तर तेही एक उत्तरच.

दारांचं दुखणं वेगळं. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत जातंच, ते अडवायची योजनाच नसते. खाली निघून जायला कडेला भोकं दिलेली असतात. त्या भोकांत माती आणि झाडाचा पाला बसला की दार आतून तळ्यासारखं भरतं. शिवाय खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो आणि त्या दुमडीत गेलेलं पाणी लवकर सुकत नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं. तो आत मावत नाही, रंग वर उचलतो आणि बाहेर फोड दिसतो. गाडीचा बाहेरचा पत्रा असतो साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर. फोड दिसेपर्यंत त्यातला किती उरलेला असतो, हे फोडाच्या आकारावरून सांगता येत नाही. तो फोडूनच बघावं लागतं.

मिठाचा मुद्दा थोडा नीट सांगायला हवा, कारण गोव्याची गाडी बेळगावच्या कोरड्या हवेत आणली की सुटली, असा समज आहे. स्वच्छ पोलादावर हवेची सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग वाढतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर बसलेलं मीठ मात्र हवेतलं बाष्प स्वतःच ओढून घेतं. जेवणातलं मीठ हे 75 टक्के आर्द्रतेला करतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तेहेतीस-चौतीस टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे आपल्याला हवा कोरडी वाटते त्या दिवशीही पत्र्याच्या सांध्यात ओलावा असू शकतो. हे मीठ पाण्यात विरघळून गेल्याशिवाय जात नाही. गोव्याला समुद्रकाठी चार दिवस राहून आलात तर वरून फडकं मारण्यापेक्षा गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवा, कमानींच्या आत पाइप घालून.

कंपनीनं काहीच केलेलं नसतं असं नाही. पत्र्यावर फॉस्फेटचा थर, मग संपूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साह्यानं बसवलेला प्रायमर, त्यावर रंग आणि लॅकर. सगळं मिळून साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. काही पत्र्यांना त्याखाली जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ओरखडा लोखंडापर्यंत गेला तरी आधी जस्त झिजतं. हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा असाच जस्त आणि लोखंड जोडून वाचवला होता. याच तत्त्वाचं नाव सांगून गाडीच्या बॅटरीला जोडायची ‘गंजरोधक’ इलेक्ट्रॉनिक डबी विकली जाते. जहाज समुद्रात बुडालेलं असतं, पाइपलाइन ओल्या मातीत पुरलेली असते, तिथं सर्किट पूर्ण होतं. गाडी हवेत उभी असते. सर्किट पूर्ण करायला सलग पाणीच नाही, तर डबी करणार काय? ते पैसे प्रायमरवर घाला.

बघायला जाताना एक लोहचुंबक खिशात असावं. पातळ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या बाजूला, कमानीवर, दाराखालच्या पट्टीवर फिरवलं की जिथं ओढ अचानक कमी होते तिथं रंगाखाली खड्डा भरायची पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग शंभराच्या आसपास दाखवतो, पुन्हा रंगवलेला दोनशे-तीनशे, आणि हजाराच्या वर गेला की खाली पुट्टीच. मग चटया उचलून फ्लोअर बघा, डिकीतली स्टेपनी काढून तिची खोबण बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा. तिथं ॲसिड सांडून पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटलेला असतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात या भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गाडी धुणाराही तेवढा पट्टा बाहेर काढत नाही आणि गाळाची रेघ तिथं राहून जाते.

एका टिंकरिंगवाल्या मेस्त्रींकडं हे काम बघत बसलो होतो. एका जुन्या मारुती 800 च्या दाराखालच्या पट्टीवर त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत ठोकत पुढं जायला सुरुवात केली. टण्, टण्, टण् आणि मग एकदम भद्द. तिथं त्यांनी टोक टेकवलं, जोर असा लावलाच नाही, तरी ते आत गेलं. भोकातून ओली तांबडी भुकटी सांडली. गाडीवाल्याकडं न बघताच म्हणाले, “वरनं एवढाच फोड दिसतोय, पण आतनं पत्रा गेलाय की. पुट्टी मारून देतो, दिसायला झकास होईल. गणपतीपर्यंत काय टिकत नाही बघा.”

पुट्टी टिकत नाही याला कारण आहे. तिच्यात मोठा भाग टाल्कच्या भुकटीचा असतो आणि ती ओलावा शोषते. उघड्या लोखंडावर थेट भरलेली पुट्टी तो ओलावा पत्र्याशी धरून ठेवते. पुट्टीला माझा विरोध नाही, खड्डा भरायला ती लागतेच. पण खाली एपॉक्सी प्रायमर हवा आणि त्याखाली चकाकता पत्रा. ग्राइंडरनं, तारेच्या ब्रशनं घासत जायचं, तांबडा रंग संपेपर्यंत. तरीही बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांच्यासाठी रस्ट कन्व्हर्टर. त्यातल्या काहींत टॅनिन असतं. हिरड्याचा काढा लोखंडी कढईत केला तर काळाकुट्ट होतो, पूर्वी शाई अशीच करत. कन्व्हर्टरमध्ये घडतं तेच: टॅनिन गंजातल्या लोखंडाशी जोडलं जाऊन निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनतो. (पण तेवढ्यावरून नुसता हिरड्याचा काढा फासू नका. बाटलीतल्या औषधात थर धरून ठेवणारं रेझिनही असतं.) सुटा, पापुद्रे आलेला गंज तसाच ठेवून वरून ते लावलं तर फक्त वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचं काम चालू राहतं. फॉस्फोरिक ॲसिडवालं वापरलं तर डब्यावर सांगितल्याप्रमाणे नीट धुऊन, वाळवून मगच प्रायमर. ॲसिड उरलं तर एपॉक्सी धरत नाही.

सुटे भाग, ब्रॅकेट, बिजागरी, जॅक यांच्यासाठी आपल्या साखरपट्ट्याला साजेसा एक उपाय आहे: मळी. जनावरांच्या खाद्यातली मळी एक भाग, पाणी नऊ-दहा भाग, त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा. मळीतली सेंद्रिय द्रव्यं लोखंडाला धरून गंज सोडवतात, चांगल्या धातूला फारसा धक्का लागत नाही. ॲल्युमिनियम मात्र घालू नका, आणि बादली घरापासून लांब ठेवा. वास शेजाऱ्यांपर्यंत जातो.

भोक पडलं असेल तर गंजका पत्रा कापून काढून नवा बसवायला सांगा. जुन्यावरच नवा ठिगळ जोडला की दोन पत्र्यांमध्ये फट राहते, तिथं पाणी जातं, हवा कमी, आणि पुन्हा तोच थेंब. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंगही जळतो. बाहेरून कितीही सुंदर रंगवलं तरी आतून तो पट्टा उघडाच राहतो. म्हणून काम झाल्यावर भोकांतून आत पातळ मेणाचा फवारा मारून घ्यावा, त्याला कॅव्हिटी वॅक्स म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे आपणहून केलं जात नाही, मागावं लागतं. खालून काळं डांबरी कोटिंग मात्र गंजावर मारून घेऊ नका. कडेनं उललं की त्यामागं पाणी अडकतं, आणि विकणाऱ्यानं ते नुकतंच मारलेलं असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. नांगराच्या फाळाला जळकं ऑइल लावतात तसं गाडीखाली फासणारेही आहेत. हवा-पाणी थोडंफार अडतं हे खरं, पण रबरी बुश फुगून खराब होतात आणि उरलेलं ऑइल पावसाबरोबर विहिरीच्या दिशेनं जातं.

हे काम जुलैत काढू नये. घासलेला पत्रा दमट हवेत काही तासांतच तांबूस होतो. रंगकामात नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा, निदान तीन अंशांनी वर असावं, नाहीतर न दिसणारा ओलावा प्रायमरखाली बंद होतो. दिवाळीनंतर गुढीपाडव्यापर्यंतचे महिने चांगले, तेही ऊन वर आल्यावर, कारण बेळगावच्या थंडीत सकाळी पत्र्यावर दव असतंच. घासून नुसता लाल प्रायमर मारलेली गाडी “रंग नंतर बघू” म्हणून पावसात फिरवतात, तेही चुकीचं. तो प्रायमर सच्छिद्र असतो. आणि पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधण्यापेक्षा छपराखाली वाऱ्याला उभी केलेली बरी. ताडपत्रीखाली ओल कोंडते.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. चौदाव्या-पंधराव्या वर्षी विकायला आलेल्या गाडीचा पत्रा म्हणून जास्तच निरखून बघायचा. दाराची कड, मडगार्ड, बॉनेट गंजलेलं असेल तर ते पैशाचं काम आहे, किंमत पाडून घ्या. पुढच्या शॉकअपच्या वरची बैठक, सस्पेन्शनचे खालचे जोड, सीटबेल्ट जिथं बॉडीला बोल्टनं धरलेला असतो ती जागा, यातलं काही खाल्लेलं दिसलं तर भाव करत बसू नका. हल्लीच्या बहुतेक कारना वेगळी चॅसिस नसते, हा पत्राच चॅसिस असतो. गाडी धडकल्यावर माणसाचं वजन सीटबेल्टच्या त्या बोल्टांच्या भोवतीचा पत्रा पेलतो, आणि तिथं मारलेल्या पुट्टीत काहीच जोर नसतो.